मिग-२१ पीएफएमच्या किटमधून १९७१ चं एफएल करायचंय, कॅनॉपीचं काय करू?

खडकमाळ_आळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १/४८ मापाचं मिग-२१ पीएफएमचं (मिग-२१ लढाऊ विमानाचा एक प्रकार) प्लास्टिक मॉडेलचं किट आहे. त्यातून आपल्या हवाई दलाचं मिग-२१ एफएल, म्हणजे आपल्याकडचं 'टाइप ७७', करायचं आहे. त्यातही १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं सोडणाऱ्या २८ स्क्वॉड्रनच्या चार विमानांपैकी एक करायचा विचार आहे.

पीएफएम आपल्या हवाई दलात नव्हतं. किट आहे तसं जोडलं आणि वर तिरंगी गोल लावले, तर दिसायला मिग होईल, पण आपलं मिग होणार नाही. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

आतापर्यंत एवढं कळलंय. पीएफएमची पुढची काच वेगळी आणि जागेवर पक्की असते, आणि मागची कॅनॉपी (पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) उजव्या बाजूला उघडते. एफएलची कॅनॉपी पुढच्या काचेसकट एकसंध असून ती पुढे झुकून उघडते. पायलटला बाहेर फेकणारी खुर्चीही वेगळी. पीएफएमला केएम-१, एफएलला जुनी एसके. फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या भागावर) इंजिनातली हवा फुंकण्याची सोय पीएफएमला आहे, एफएलला नाही. शेपटीचा रुंद उभा पंख आणि त्याच्या बुडाशी असलेली ब्रेक पॅराशूटची नळी मात्र दोघांना सारखीच, म्हणजे तिथे हात लावायला नको.

कॅनॉपी पारदर्शक कशी बनवायची ते सांगा. फ्लॅपचा बदल खरंच करावा लागेल का? आणि रंगाचं काय? पुण्यात साहित्य कुठे मिळेल तेही कळवा. बाहेरून मागवलेली पार्सलं वेळेवर येत नाहीत, त्यामुळे शक्य तेवढं इथेच जमवायचंय.

निव्वळ_वाचक

रुमाल टाकून ठेवतोय. फोटो येऊ द्या.

भुईचक्र

एवढी काटछाट कशासाठी? काचेच्या कपाटात ठेवल्यावर दोन हातांवरून कोणाला कळणार आहे पीएफएम की एफएल? मस्त रंग द्या, गोल लावा, मोकळे व्हा. छंद आनंदासाठी असतो, परीक्षेसाठी नाही.

खडकमाळ_आळी

@भुईचक्र, मला आनंद त्या काटछाटीतच मिळतो हो. आणि दोन हातांवरून सगळ्यात आधी दिसते ती कॅनॉपीच. पीएफएमच्या पुढच्या काचेला मधोमध सपाट तावदान आणि दोन्ही बाजूंना चौकटीच्या पट्ट्या आहेत. एफएलची काच पुढून गोलसर, अखंड. मिगचा सगळा चेहरा तिथेच बदलतो.

कर्वेरोड_कर

माझ्याकडे एमएफचं, म्हणजे मिग-२१ च्या नंतरच्या प्रकाराचं, किट न उघडता पडलंय. १९७१ च्या मिगसाठी ते चालेल का? चालत असेल तर घेऊन जा, मला जागा करायचीच आहे.

अण्णा_नारायणपेठ

@कर्वेरोड_कर, मन मोठं आहे तुमचं, पण एमएफवरून एफएल करायला निघणं म्हणजे नवीन विमान घडवण्यासारखंच. एमएफची पाठ जाड, कॅनॉपीपासून शेपटीपर्यंत फुगलेली. एफएलची पाठ सडपातळ. एमएफच्या पंखाखाली शस्त्रं टांगायचे चार पायलॉन, एफएलच्या दोनच. नाकावरची पिटो नळी (वेग मोजायची) एमएफला उजवीकडे सरकवलेली, एफएलला बरोबर मधोमध वर. एमएफच्या पोटात २३ मिमीची तोफ बसवलेली असते. एफएलमध्ये तोफ नाहीच, लागली तर जीपी-९ नावाची वेगळी पेटी पोटाखाली लावायची. एवढं सगळं घासून, कापून, भरून हातात काय उरणार? पीएफएमच बरं.

आता धागाकर्त्याला. तुझं वाचन चांगलं आहे, पण एक गोष्ट आधी कर. प्लास्टिकला ब्लेड लावण्यापूर्वी एक विमान नक्की कर. एक सीरियल नंबर, एक तारीख आणि त्या विमानाचा शक्यतो दोन्ही बाजूंचा फोटो. 'साधारण १९७१ चं एफएल' असं काही नसतं. प्रत्येक स्क्वॉड्रनचं रंगकाम वेगळं होतं, लावलेलं सामान वेगळं होतं. फोटो हातात असेल तर फ्लॅप, टाकी, तोफेची पेटी या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोच देतो. फोटो नसेल तर आपण अंदाजावर कापत सुटतो आणि मग थांबायचं कुठे हे कळत नाही.

आणि दुसरा रस्ताही आहे. पीएफएमऐवजी पीएफचं, म्हणजे त्याआधीच्या प्रकाराचं, किट मिळालं तर पुढे झुकणारी कॅनॉपी आणि एसके खुर्ची आयती मिळते. सुरुवातीच्या पीएफला शेपटीचा पंख अरुंद होता आणि पॅराशूट पोटाखाली. तो पंख रुंद करणं अपारदर्शक काम आहे. पुट्टी चालते, शिवण चालते, वर रंग बसतो. काचेत चूक लपत नाही. म्हणून मी असतो तर पीएफवरून केलं असतं.

मीनल_एस

अण्णा, पीएफचं किट आत्ता कुठे शोधणार? ज्याच्या हातात जे आहे त्यावरूनच बोलू ना. आणि पंख रुंद करणं तुम्ही म्हणता तितकं सोपं नाही. मागची कड, रडरची रेषा, बुडाची पॅराशूटची नळी, तिघांची जुळणी करताना सममिती हलली की विमान मागून वाकडं दिसतं. मला विचाराल तर पीएफएमच बरोबर. एकच भाग बनवायचा, तो मन लावून बनवायचा.

एक सुचवते: घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग ठेवलंय. तिथे जाऊन मापं घेता येतील का?

कर्वेरोड_कर

@मीनल_एस, ते मिग-२३ बीएन आहे. कारगिलच्या वेळच्या ताफ्यातलं. पंख मागे-पुढे होणारं, वेगळंच यंत्र. बघायला जरूर जा, पण कॅनॉपीचं माप तिथे मिळणार नाही. एफएल दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

ओझरची_लेक

हा धागा बघून राहवलं नाही. माझे वडील नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानांचा सरकारी कारखाना) मिगच्या कामावर होते. ही विमानं तिथेच जुळवली गेली, नंतर तिथेच बनलीही. इंजिनं कोरापूटहून यायची. आमच्या कॉलनीत मुलांना मिगचे प्रकार ऋतूंसारखे पाठ असायचे: सत्याहत्तर, शहाण्णव, पंचाहत्तर. एफएल, एम, बिस.

पुढे झुकणाऱ्या कॅनॉपीबद्दल बाबा फार आवडीने सांगायचे, म्हणून ते इथे लिहिते. मॉडेलमध्ये त्याचा उपयोग आहे. त्या जुन्या रचनेत पायलट खुर्चीसकट बाहेर फेकला गेला की कॅनॉपी त्याच्याबरोबर जायची आणि वाऱ्याच्या माऱ्यापासून त्याला आडोसा द्यायची. कॅनॉपी म्हणजे त्या सुटकेच्या व्यवस्थेचाच भाग होता. पुढे खुर्ची बदलली, केएम-१ आली, तेव्हा काचेचीही रचना बदलली. म्हणजे कॅनॉपी आणि खुर्ची हे दोन वेगळे बदल नाहीत, एकच आहे. तुम्ही कॅनॉपी एफएलची केली आणि आत केएम-१ तशीच ठेवली तर जाणकाराला ते लगेच खटकेल. केएम-१ ची डोक्यामागची पेटी मोठी आणि उठून दिसणारी आहे. ती कापून एसकेचं साधं डोकं करा.

आणखी एक. गोल काचेच्या आत, पायलटच्या समोर, जाड सपाट बुलेटप्रूफ काच असते. ती विमानाच्या अंगाला पक्की बसवलेली. कॅनॉपी उघडली तरी ती जागेवर राहते. हे बहुतेक मॉडेलांमध्ये राहून जातं. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा छोटा तुकडा तिरपा बसवा, कडांना हलका हिरवट रंग द्या. बाहेरची काच आणि आतली काच अशी दोन थरांतून नजर गेली की कॉकपिट खरं वाटायला लागतं.

खडकमाळ_आळी

ताई, मनापासून आभार. आतल्या काचेबद्दल मी कुठे वाचलं नव्हतं. बाबांना रंगाबद्दल काही आठवतंय का?

ओझरची_लेक

बाबा आता नाहीत. रंगाचं मला जेवढं माहीत आहे ते सांगते. ही विमानं मुळात उघड्या धातूची होती. युद्धाच्या सुमारास तळांवर घाईने हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले, आणि जिथे जो रंग होता तो. काहींवर नुसते हिरवे फराटे, मधून धातू दिसणारा. त्यामुळे पेंटच्या डबीवरचा नंबर शोधत बसू नका. आधी धातूचा थर नीट करा, त्यावर हिरवा असा द्या की फटींतून धातू राहील. नाकातला शंकू आणि शेपटीच्या टोकाचा तुकडा हिरवा, कारण ते धातूचे नाहीत, मागे अँटेना आहेत. आणि धातू एका छटेचा ठेवू नका. शेपटीकडचा भाग उष्णतेने काळवंडून पिवळसर-तपकिरी होतो, पुढचा स्वच्छ राहतो.

भुईचक्र

ढाक्याच्या हल्ल्याबद्दल थोडं सांगा ना कोणी. मला मॉडेलपेक्षा त्यात जास्त रस आहे.

अण्णा_नारायणपेठ

विंग कमांडर बी. के. बिष्णोई, २८ स्क्वॉड्रन, गुवाहाटी. सकाळी निरोप आला की ढाक्यात दुपारी एक बैठक आहे, ती उधळायची. आधी लक्ष्य सर्किट हाउस सांगितलं होतं. नकाशा कुठला, तर पर्यटकांसाठीचा ढाका शहराचा. उड्डाणाला निघण्याच्या वेळी निरोप बदलला, सर्किट हाउस नाही, गव्हर्नमेंट हाउस. तोच नकाशा घेऊन चार मिग निघाली, हवेतून इमारत ओळखली आणि ५७ मिलिमीटरची रॉकेटं सोडली. प्रत्येक विमानाला १६ नळ्यांच्या दोन पेट्या, म्हणजे ३२ रॉकेटं. नंतर ४ स्क्वॉड्रनची मिग आणि हंटर लढाऊ विमानंही येऊन गेली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दोनच दिवसांनी, १६ तारखेला शरणागती.

हेच एफएल पश्चिमेला वेगळ्या कामात होतं. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर ४७ स्क्वॉड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनींनी पाकिस्तानचं एफ-१०४ लढाऊ विमान पाडलं, तेही तोफेने. म्हणजे पोटाखाली ती जीपी-९ पेटी होती. सोनींचं विमान करायचं असेल तर तोफेची पेटी हवी, ढाक्याचं करायचं असेल तर रॉकेटच्या पेट्या हव्यात. विमानाच्या मध्यरेषेवर जागा एकच, तिथे तोफेची पेटी किंवा जादा टाकी. म्हणून म्हणतो, आधी एक विमान आणि एक तारीख.

भुईचक्र

हे वाचून माझं मत थोडं हललं. चुकीच्या काचेचं विमान त्या दिवसाचं म्हणून ठेवणं बरोबर नाही वाटत आता.

दंतकथा

कॅनॉपीचा प्रश्न माझ्या दवाखान्यात सुटू शकतो. मी दातांचा डॉक्टर आहे. दात सरळ करून झाल्यावर पेशंटला पारदर्शक रिटेनर देतो, तो व्हॅक्युम फॉर्मिंग मशीनवर बनतो. प्लास्टिकची शीट तापवून मऊ करायची, खाली दातांचा साचा ठेवायचा, हवा खेचली की शीट साच्यावर घट्ट बसते. कॅनॉपीला नेमकं हेच लागतं.

करायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण यात सगळं साच्यावर अवलंबून आहे.

किटमधली पुढची काच आणि कॅनॉपी बंद अवस्थेत विमानाच्या अंगाला तात्पुरती बसवा. त्या दोघांवर पुट्टी चढवून पुढचा सपाट भाग गोल करा, चौकटीच्या पट्ट्या घासून काढा. बाजूचं रेखाचित्र १/४८ ला छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, आतला आकार कापून घ्या आणि तो पुठ्ठा वरचेवर लावून बघत राहा. वरून आणि समोरूनही. इथे घाई नको, पाहिजे तर आठवडा घालवा. आकार जमला की दातांचा ठसा घेतो त्या सिलिकोनने मी त्याचा ठसा घेईन आणि डेंटल स्टोनमध्ये ओतीन. स्टोन कडक असतो, पॉलिश पेपरने काचेसारखा गुळगुळीत होतो. साच्यावर एक जरी ओरखडा राहिला तरी तो काचेत उतरतो.

महत्त्वाचं म्हणजे साचा अंतिम आकारापेक्षा किंचित लहान हवा, शीटच्या जाडीएवढा. माझ्याकडे अर्धा मिलिमीटरची शीट आहे. म्हणजे स्टोन सगळीकडून अर्धा मिलिमीटर घासून कमी करायचा, नाहीतर कॅनॉपी अंगावर टोपीसारखी बाहेर येईल.

कापताना साचा आतच ठेवा, त्याच्या आधारावर ब्लेड फिरवा. आणि चिकटवायला फेव्हिक्विक अजिबात नको. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. साधा पांढरा फेव्हिकॉल, टाचणीच्या टोकाने.

खडकमाळ_आळी

डॉक्टर, तुम्ही कुठल्या भागात आहात? मी साचा घेऊन हजर होतो!

दंतकथा

सहकारनगर. पत्ता खासगी निरोपात पाठवलाय. रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा या. पेशंटच्या खुर्चीत बसावं लागणार नाही.

निव्वळ_वाचक

ही या धाग्यातली सगळ्यात मोठी दिलाशाची गोष्ट.

मीनल_एस

फ्लॅपचं कोणी सांगितलं नाही अजून. हवा फुंकणाऱ्या फ्लॅपला पंखाखाली, मधल्या भागात, यंत्रणेसाठी एक लांबट फुगवटा असतो. पीएफएमच्या किटमध्ये तो असणारच. एफएलला तो नको. फ्लॅप बंद ठेवणार असाल तर तो कापून, घासून सपाट करा आणि पुसल्या गेलेल्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या रेषा) परत कोरा, एवढं पुरे. फ्लॅप खाली सोडलेले दाखवायचे असतील तर मात्र आतली सगळी रचना वेगळी, तो रस्ता मी घेणार नाही. मॉडेल उलटं करून बघणारे आपल्यातलेच असतात, पण तेच तर वाचक आहेत इथे.

कर्वेरोड_कर

साहित्याबद्दल. पांढरी स्टायरिन शीट वेगवेगळ्या जाडीत आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवतात, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. बारीक ड्रिल, पॉलिश पेपरचे ४०० ते २००० नंबर, पितळी नळ्या यासाठी रविवार पेठ आणि बोहरी आळी. दोन हजारचा पेपर घेताना पाण्यात चालणाराच मागा. सुई, सिरिंज औषधाच्या दुकानात. पिटो नळीला सिरिंजची सुई उत्तम, किटमधली प्लास्टिकची नळी पहिल्याच दिवशी मोडते.

अण्णा_नारायणपेठ

रंगाबद्दल पुण्यापुरती एक सूचना. धातूचा लॅकर रंग भर पावसाळ्यात मारू नकोस. हवेत ओल असली की लॅकर सुकताना पांढुरका पडतो आणि धातूची चमक जाते. मारायचाच असेल तर पाऊस उघडलेला दिवस बघ, दुपारची वेळ बघ, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लाव. खाली चकचकीत काळा थर हवा, तो जितका गुळगुळीत तितका धातू खरा. मी दसऱ्यापर्यंत थांबतो. कॅनॉपी, खुर्ची, फ्लॅप ही कामं पावसाळ्यात करायची.

भुईचक्र

रॉकेटच्या पेट्यांचं काय? किटमध्ये असतील तर त्यांची तोंडं बुजलेली असतात बऱ्याचदा.

मीनल_एस

५७ मिमी भागिले ४८, म्हणजे जेमतेम १.२ मिमीचं भोक. एका पेटीत १६. पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये) आधी ०.५ चं ड्रिल लावून प्रत्येक भोकाचा मध्य पक्का करा, मग १.० आणि शेवटी १.२ च्या जरा आतच थांबा, नाहीतर दोन भोकांमधली भिंत फुटते. हल्ल्याहून परतलेलं दाखवायचं असेल तर नळ्या रिकाम्या आणि तोंडाशी काजळी. निघतानाचं असेल तर आत रॉकेटची टोकं.

कर्वेरोड_कर

१/७२ मध्ये हे सगळं कोणी केलंय का? तिथे पंखांची पूर्ण लांबी दहा सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, १/४८ मध्ये पंधरा. त्या पाच सेंटिमीटरमध्ये डोळे वाचतात.

अण्णा_नारायणपेठ

१/७२ मध्ये केलंय. रॉकेटचं भोक ०.८ मिमी. बाकी कृती तीच. पण पहिल्यांदा करणाऱ्याने १/४८ च घ्यावं.

ओझरची_लेक

एक विनंती आहे. डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याला एफएल निवृत्त झालं, आणि सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला बायसनही, म्हणजे मिग-२१ चा शेवटचा सुधारित प्रकार. आता ही विमानं उडताना दिसणार नाहीत. पुढच्या मुलांना मिग-२१ म्हणजे काय हे चौकातल्या खांबावरच्या विमानांवरून आणि तुमच्यासारख्यांच्या मॉडेलवरून कळणार. म्हणून बरोबर करा. मॉडेलखाली पट्टी लावाल तेव्हा स्क्वॉड्रन आणि तारखेबरोबर 'टाइप ७७' असंही लिहा. ओझरला त्याला सगळे तेच म्हणायचे.

खडकमाळ_आळी

नक्की लिहीन, ताई. माझं ठरलंय ते सांगतो. पीएफएमचंच किट, कॅनॉपी बंद, आत बुलेटप्रूफ काच, खुर्चीचं डोकं कापून एसके. पंखाखालचे फुगवटे घासायचे, फ्लॅप बंद. पंखाखाली दोन रॉकेट पेट्या, नळ्या भरलेल्या, म्हणजे गुवाहाटीहून निघतानाचं. अण्णा म्हणाले तसं सीरियल नंबर दिसणारा २८ स्क्वॉड्रनचा फोटो मिळेपर्यंत रंगाला हात लावणार नाही. 'सी' आणि पुढे आकडे असलेले नंबर पुसट दिसणारे काही फोटो जमवलेत, ते उद्या इथे टाकतो. कोणाला एकही आकडा वाचता आला तरी सांगा.

दंतकथा

साचा आणताना विमानाचं अर्धं अंगही घेऊन या. कॅनॉपीची खालची कड अंगावर ठेवूनच कापू, नुसत्या रेखाचित्रावरून नको.

भुईचक्र

@कर्वेरोड_कर, तुमचं ते एमएफ अजून द्यायचंय का? अण्णा, एमएफवरून आपलं एम, टाइप ९६, करायला किती कापावं लागेल?

अण्णा_नारायणपेठ

फार थोडं. बाहेरून दोघं जवळजवळ सारखीच, फरक मुख्यतः इंजिन आणि रडारचा. किट आण आणि नवीन धागा काढ, तिथे बोलू. पहिल्या प्रतिसादात विमानाचा फोटो लागेल.

कर्वेरोड_कर

किट तुमचंच, भुईचक्र. संध्याकाळी कधीही येऊन न्या.